पट्ट्या खोक्यात टाका

पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजता बाईंनी पुठ्ठ्याचं एक खोकं वर्गात फिरवलं आणि म्हणाल्या, "पट्ट्या यात टाका. शुक्रवारी परत मिळतील." चौदा जणींनी आपापल्या पारदर्शक, इंचाच्या रेघा आखलेल्या पट्ट्या मुकाट्यानं त्यात टाकल्या. माझी तर कोरी करकरीत होती, चोवीस इंची. तिच्यावरचं लेबलही अजून निघालं नव्हतं.

ओहायोत येऊन मला अकरा वर्षं झाली, पण क्विल्टची, म्हणजे गोधडीची, उन्हाळी कार्यशाळा हे काय प्रकरण असतं ते या जुलैत कळलं. माणसं पाच-पाच दिवसांची सुट्टी टाकून मक्याच्या शेतांमधल्या कुठल्याशा जुन्या कोठारात जातात आणि सकाळपासून रात्री दहापर्यंत कापड कापत बसतात. आमच्या वर्गात बहुतेक जणी साठीच्या पुढच्या. शिकवणाऱ्या बाई बहात्तर वर्षांच्या, आणि सगळ्या त्यांना नुसत्या नावानं हाक मारायच्या. मला ते काही जमेना. पाचही दिवस मी 'एक्सक्यूज मी'वर भागवलं. मनातल्या मनात त्या बाईच.

प्रत्येकीला दोन टेबलं, एक इस्त्री आणि आठ फूट भिंत. भिंतीला पांढरं फ्लॅनेल लावलेलं. त्यावर सुती तुकडा नुसता टेकवला तरी चिकटून राहतो, मोठा असेल तर टाचणी लावायची. चौदा इस्त्र्या एकदम तापल्या की वीज जायची. मग कुणीतरी फ्यूजबॉक्सकडे धावायचं आणि बाकीच्यांनी अंधारात कॉफी प्यायची. दिवसातून दोनदा तरी हा कार्यक्रम ठरलेला. एवढी फी घेता, तर एक जादा वायर ओढायला काय हरकत होती, असं मला रोज वाटायचं.

आर्ट क्विल्ट म्हणजे काय, हे मी जाण्याआधी आईला फोनवर सांगून पाहिलं होतं. वर जोडलेल्या तुकड्यांचा थर, मधे भरण, खाली अस्तर आणि तिन्हींना धरून ठेवणारे टाके, इथपर्यंत तिला सगळं ओळखीचं. पण ही पांघरायची नाही, चित्रासारखी भिंतीवर लावायची, असं म्हटल्यावर ती थांबली. आईनं तीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवलेत. म्हणाली, "म्हणजे चांगलं नवं कापड आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि तेच परत जोडायचे?" मी म्हटलं, हो. "बरं," ती म्हणाली. या 'बरं'चा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

तर पट्ट्या गेल्या. हातात फक्त रोटरी कटर, म्हणजे पिझ्झा कापतात तसं गोल धारदार चाक. दोन रंगांची कापडं एकावर एक ठेवायची आणि न आखता, एका दमात, खांद्यातून हात फिरवत कापायचं. मग एकाचा डावा भाग दुसऱ्याच्या उजव्या भागाला जोडायचा, पाव इंच शिवण धरून. ऐकायला सोपं. पण हातानं वळवत नेलेला काप उभ्या-आडव्या धाग्याला धरून राहत नाही, उरेब होतो, आणि उरेब कापड ओढलं की वाढतं. माझी पहिली जोडणी मधोमध टम्म फुगली. मी इस्त्री दाबून घासायला लागले, तशी बाईंनी येऊन माझं मनगटच धरलं. इस्त्री फिरवायची नाही. उचलायची, ठेवायची, वाफ द्यायची, उचलायची. घासलंत की तुम्हीच कापड ताणता. इतकी वर्षं मी कपडे इस्त्री करत होते की ताणत होते, कोण जाणे.

मंगळवारी दुसरा धक्का. माझ्या भिंतीवर लाल, हिरवा, जांभळा, केशरी असा थाट होता आणि मी स्वतःवर खूश होते. बाई म्हणाल्या, फोनवर याचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढ. काढला. सगळं एकच राखाडी! चार रंग, पण उजळपणा चारही रंगांचा सारखाच. लांबून पाहणाऱ्याला आधी फिकट-गडद दिसतं, रंग नंतर. त्यानंतर दोन दिवस आम्ही चौदा जणी भिंतीपासून दहा फूट मागं सरकून डोळे किलकिले करून उभ्या असायचो. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर डोळ्यांचं शिबिर वाटलं असतं.

रात्री जेवणानंतर बाई स्लाइड दाखवायच्या. 1971 साली न्यू यॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं जुन्या क्विल्ट आधुनिक चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या. त्या केल्या होत्या पलंगासाठी, आणि करणाऱ्या बहुतेकींची नावं कुणाला ठाऊक नव्हती. ओहायोतच अथेन्स गावी, मनोरुग्णालयाच्या दुभत्या गाईंसाठी 1914 साली बांधलेल्या गोठ्यात, 1979पासून दर दोन वर्षांनी क्विल्ट नॅशनल हे प्रदर्शन भरतं. पारंपरिक प्रदर्शनांत ज्यांच्या कामाला जागा मिळत नव्हती, अशा बायकांनीच ते सुरू केलं. पण माझी झोप उडवली ती अलाबामातल्या जीज बेंड या खेड्यातल्या क्विल्टनी. शेतावर घालून घालून विरलेल्या पँटींचे तुकडे. खिसा उसवून काढलेला, आणि त्या जागी कापड अजून गर्द निळं, कारण तिथं कधी ऊन लागलंच नाही. 2002 साली त्या व्हिटनीत लागल्या. जुन्याला जोड देऊन वापरात आणायचं, हे आईच्या न्यायात चोख बसलं असतं.

गुरुवारचा दिवस रंगाईचा. अशा कार्यशाळा उन्हाळ्यातच का, याचं एक उत्तर मला त्या दिवशी मिळालं. प्रोसियन एमएक्स हे रंग सोडा अ‍ॅशच्या मदतीनं सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडतात आणि त्याला ऊब लागते. झाडाखाली टेबलं मांडून, तोंडाला मास्क लावून (ही भुकटी श्वासात जाता कामा नये) आम्ही बादल्या भरल्या. मी गुलाबी आणि फिरोजी मिसळून जांभळा केला. पण गुलाबी घाईचा, भेटेल त्या धाग्याला लगेच धरतो. फिरोजी सावकाश पुढं पसरत जातो. पिशवी उघडली तर जांभळ्याच्या एका कडेला गुलाबी डाग आणि दुसऱ्या कडेला निळी झाक. ठरवून केलं असतं तर असं जमलं नसतं. नाकावरचा गुलाबी ठिपका मात्र रविवारपर्यंत टिकला.

शुक्रवारी सगळ्यांची कामं भिंतीवर. इथं तोंडदेखलं कौतुक भरपूर चालतं, पण त्या खोलीत नाही. माझं काम छत्तीस इंच रुंद. बाई बराच वेळ गप्प राहिल्या, मग पांढऱ्या कापडानं त्याचा उजवा तिसरा हिस्सा झाकला. काम एकदम उभं राहिलं. चौदाही जणींना दिसलं, मलाही दिसलं. तो तिसरा हिस्सा करायला मला दीड दिवस लागला होता. बाईंनी कटर पुढं केला. कापलं, तेही पट्टीशिवाय.

मग खोकं आलं. माझी पट्टी कुठली ते लेबलामुळे लगेच कळलं.

घरी आल्यावर फोटो आईला पाठवला. अर्ध्या तासानं उत्तर आलं. फोटो मोठा करून पाहिला असणार: "डावीकडून तिसरी शिवण उसवतेय. दोरा बदल."

खरंच उसवत होती.