थांबवलेले घड्याळ आणि पुढे ढकललेली तारीख

मी काही वर्षे वकिलांच्या एका कार्यालयात तारखांची वही सांभाळत होतो. निकालाची प्रत कोणत्या दिवशी हाती आली, तिथून अपिलाला किती दिवस मिळतात आणि त्यातले किती उरले, एवढेच त्या वहीत असे. एक दिवस चुकला तर पक्षकाराचा हक्क कायमचा जाऊ शकतो हे ठाऊक असल्यामुळे ती वही मी कधीच निर्धास्तपणे मिटली नाही. मार्च २०२० मध्ये, कोविडची साथ पसरताच, अनेक देशांनी अशा असंख्य वह्यांमधला हिशेब काही दिवसांत बदलून टाकला. त्यांनी तो कसा बदलला, हे तेव्हापासून मी जमेल तसे वाचत आलो आहे.

विलंब माफ करण्याचा अधिकार बहुतेक न्यायालयांना आधीपासूनच असतो, मग सरसकट आदेशाची गरज काय, असा प्रश्न कोणीही विचारील. विलंबमाफी प्रत्येक प्रकरणात वेगळी मागावी लागते: अर्ज करायचा, कारण सिद्ध करायचे, समोरच्या बाजूचा विरोध ऐकायचा. साथीत सगळ्यांनाच उशीर होणार आणि सगळ्यांचे कारण एकच असणार. तरीही प्रत्येकाने ते वेगळे सिद्ध करावे असा आग्रह धरला, तर न्यायालये त्या अर्जांखालीच दबून जातील, आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्यांनी घरात राहायला हवे ती माणसे केवळ मुदत वाचवण्यासाठी बाहेर पडतील. म्हणून नियम सर्वांसाठी एकदम बदलावा लागला. इटलीने १७ मार्च २०२० च्या अध्यादेशाने न्यायालयीन मुदती ९ मार्चपासून १५ एप्रिलपर्यंत थांबवल्या आणि पुढे ती तारीख ११ मेपर्यंत नेली. न्यूयॉर्क राज्यात २० मार्चला गव्हर्नरांनी कार्यकारी आदेश काढला. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात विनियमाद्वारे १६ मार्च ते १४ सप्टेंबर हा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला गेला. भारतात हे काम सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन केले. पूर्ण न्यायासाठी आवश्यक तो आदेश देण्याचा अधिकार या न्यायालयाला देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ चा आधार घेत २३ मार्चला दिलेल्या आदेशाने १५ मार्चपासूनच्या मुदती पुढील आदेशापर्यंत वाढवण्यात आल्या. यांतले काही आदेश मागल्या तारखेपासून लागू झाले. एरवी पूर्वलक्षी कायद्याकडे मी संशयाने पाहतो. इथे मात्र त्याने कोणाला नव्याने दोषी ठरवले नाही, उलट आदेश निघण्यापूर्वीच्या गोंधळात सापडलेल्यांना सावरून घेतले.

खरा पेच आहे तो ‘मुदत वाढवली’ या दोन शब्दांच्या अर्थाचा. घड्याळ थांबवणे ही एक गोष्ट आहे आणि तारीख पुढे ढकलणे ही दुसरी. समजा, दावा दाखल करायला तीन वर्षे आहेत आणि त्यातले एक वर्ष साथ सुरू होण्यापूर्वीच संपले आहे. घड्याळ थांबवले असेल, तर साथीचा काळ गणनेतून वगळून उरलेली दोन्ही वर्षे पूर्ण मिळतात. नुसती तारीख ढकलली असेल, तर ज्यांची मुदत त्या मधल्या काळात संपत होती त्यांनाच लाभ होतो आणि या माणसाला काहीच मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये नेमका हाच वाद उद्भवला, आणि २०२१ मध्ये तेथील अपील न्यायालयाच्या एका विभागाने निर्णय दिला की गव्हर्नरांच्या आदेशांनी घड्याळच थांबले होते, त्यामुळे २२८ दिवस गणनेतून वजा करायचे. फ्रान्सने दुसरी वाट धरली. १२ मार्च ते २३ जून २०२० या काळात जी कृती करणे आवश्यक होते, ती त्या काळानंतर मूळ मुदतीइतक्या दिवसांत, पण जास्तीत जास्त दोन महिन्यांत केली, तर वेळेत झाली असे मानले गेले. याचा परिणाम असा की ज्याची मुदत २३ जूनला संपत होती त्याला नवी सवड मिळाली, आणि ज्याची २४ जूनला संपत होती त्याला एका दिवसाचीही मिळाली नाही. कोठेतरी रेघ ओढावीच लागते हे मला मान्य आहे, परंतु वही सांभाळलेल्या माणसाला या दुसऱ्या पक्षकाराचा चेहरा विसरता येत नाही.

सवलत किती अरुंद असू शकते, हे भारतातल्या एका प्रकरणात दिसले. कंपनी कायद्याखालील अपिलाला ४५ दिवस मिळतात आणि पुरेसे कारण असल्यास न्यायाधिकरण आणखी ४५ दिवसांपर्यंतचा विलंब माफ करू शकते. संबंधितांचे पहिले ४५ दिवस फेब्रुवारी २०२० मध्येच संपले होते, तर माफीयोग्य काळ १८ मार्चला, म्हणजे सवलत सुरू झाल्यानंतर, संपत होता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले की वाढली ती कायद्याने ठरवलेली मूळ मुदत. विलंब माफ करण्याची कमाल मर्यादा वाढलेली नाही. तर्काच्या दृष्टीने निर्णय बरोबर असेल, पण आदेश वाचून ‘सगळ्याच मुदती थांबल्या’ असे समजणाऱ्या माणसाची चूक मला फार मोठी वाटत नाही.

याहून कितीतरी गंभीर प्रश्न असा, की मुदत कोणावर बंधन घालते. बहुतेक मुदती नागरिकावर असतात आणि त्या वाढल्या की नागरिकाला श्वास घेता येतो. काही मुदती मात्र राज्यसंस्थेवर असतात आणि नागरिकाचे रक्षण करतात. भारतातील फौजदारी प्रक्रियेनुसार पोलिसांनी ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल केले नाही, तर जामिनाच्या अटी पाळण्यास तयार असलेल्या आरोपीला जामिनावर सुटण्याचा हक्क प्राप्त होतो. मुदतवाढीच्या आदेशाने हे दिवसही वाढले, असा अर्थ मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निकालात लावला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९ जून २०२० रोजी तो अमान्य केला: आपला आदेश अडचणीत आलेल्या पक्षकारांसाठी होता, व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करणारी मुदत त्याने वाढत नाही. फ्रान्समध्ये मार्च २०२० च्या एका अध्यादेशाने खटल्यापूर्वीच्या कोठडीची कमाल मुदत वाढवली होती आणि ती आपोआप वाढते, असा त्याचा अर्थ शासनाने लावला होता. २६ मे रोजी तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने अशा प्रत्येक कोठडीची न्यायाधीशाकडून तपासणी व्हायलाच हवी असे ठरवले, आणि जानेवारी २०२१ मध्ये, कायदे घटनेशी सुसंगत आहेत का हे तपासणाऱ्या घटना परिषदेने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. दोन निराळ्या कायदेपरंपरांमधली न्यायालये एकाच निष्कर्षाच्या इतकी जवळ पोहोचली, याचे मला मनापासून समाधान वाटते. तपास यंत्रणेच्या अडचणी खऱ्या होत्या, परंतु त्यांची किंमत तुरुंगात बसलेल्या माणसाने, तेही साथ तुरुंगाच्या भिंती ओलांडत असताना, द्यावी हे मला कोणत्याही युक्तिवादाने पटणार नाही.

खासगी व्यवहारांत तर एकाची सवलत म्हणजे दुसऱ्याची प्रतीक्षा असते. जर्मनीने एप्रिल ते जून २०२० मधले थकलेले भाडे हे घर खाली करायला लावण्याचे कारण ठरणार नाही असे केले, पण भाडे माफ केले नाही; ते फेडायला २०२२ च्या जूनअखेरपर्यंतचा अवधी दिला. हा मार्ग मला प्रामाणिक वाटतो, कारण त्यात घरमालकाचे येणे नाहीसे झाले असा आव नाही.

मुदतींबरोबर औपचारिकताही बदलाव्या लागल्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ च्या कायद्यानुसार मृत्युपत्रावर साक्षीदारांच्या उपस्थितीत सही व्हावी लागते. सप्टेंबर २०२० मध्ये ही उपस्थिती व्हिडिओद्वारेही चालेल असे ठरले, आणि ३१ जानेवारी २०२० पासूनच्या मृत्युपत्रांना तो लाभ देण्यात आला.

सुरुवातीपेक्षा शेवट कठीण असतो. ब्रिटनचा कोरोनाव्हायरस कायदा मांडल्यापासून आठवड्याभरात, २५ मार्च २०२० रोजी संमत झाला, परंतु त्यात दोन वर्षांची कालमर्यादा आणि दर सहा महिन्यांनी संसदेत मतदान या अटी होत्या. हंगेरीने त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारला शेवटची तारीख नसलेले अधिकार दिले. ते जूनमध्ये मागे घेतले गेले, तरी तारीखच न लिहिणे ही चूक मला मोठी वाटते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सवलत मार्च २०२१ मध्ये संपवली, एप्रिलमध्ये परत सुरू केली, ऑक्टोबरमध्ये संपवली आणि १० जानेवारी २०२२ रोजी पुन्हा जिवंत केली. अखेरच्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सारा काळ वगळला, आणि ज्यांची मुदत त्या काळात संपली त्यांना १ मार्च २०२२ पासून किमान ९० दिवस दिले. मी मोजून पाहिले, वगळलेले दिवस ७१६ भरतात. २०१९ मध्ये उद्भवलेल्या एखाद्या दाव्याची मुदत आज कोणी तपासायला बसला, तर त्याला वहीच्या समासात हा आकडा आधी लिहून घ्यावा लागेल.