सही जुळत नाही

गटातल्या बायकांनी वर्षभर आमसुलं, आंबापोळी नि कुळथाचं पीठ विकून ६१,००० रुपये जमवले. स्तनांच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी ते परळच्या टाटा मेमोरियलला द्यायचे होते. आई याच आजारानं गेली आणि चार वर्षांनी माझ्यात गाठ निघाली. पैसे जमले सहज, अडकले ते बँकेत.

गटाच्या चेकवर माझी नि सचिवबाईंची सही लागते. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्यापासून माझा उजवा हात सुजतो. पेन धरलं की बोटं ताठतात, आडनावातला 'र' वाकडा होतो. पहिला चेक परत आला, "सही जुळत नाही." दुसराही तसाच. तिसऱ्या वेळी रात्रभर हात उशीवर उंच ठेवला आणि सकाळच्या एसटीनं देवगडात जाऊन साहेबांसमोर सही केली. त्यांनी कॉम्प्युटरवर माझी जुनी सही पाहिली आणि मान हलवली. मी समोर उभी, आधार कार्ड टेबलावर, तरी "ही तुमची वाटत नाही." शेवटी चार माणसांदेखत बाही वर करून सुजलेला हात दाखवला. तो संताप अजून उतरलेला नाही. अडीच महिने गेले आणि नमुना सही बदलता येते हे मला सांगितलं कोणी, तर तिथल्या शिपाईकाकांनी! अर्ज, गटाचा ठराव, फोटो, डॉक्टरांचं पत्र दिलं. आठ दिवसांत काम झालं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर बायांनो, चेक लिहिण्याआधी हे करून घ्या.

शेजारच्या काकी म्हणायच्या, "औषधाक दी गो पैसे, संशोधनाक कित्याक?" मी त्यांना टाटाच्याच डॉक्टरांचं काम सांगायचे. ऑपरेशनच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती बधिरतेचं साधं, स्वस्त इंजेक्शन द्यायचं, एवढंच. ११ केंद्रांत सुमारे १,६०० बायकांवर तपासलं, २०२३ मध्ये छापून आलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. असलं काही शोधायलाच पैसा लागतो, काकी.

चेकसोबतच्या पत्रात 'स्तनांच्या कॅन्सरवरील संशोधनासाठी' असं स्पष्ट लिहा. आणि हो, २,००० रुपयांवर रोख देणगीला आयकरात देणगीची सवलत नाही. चाकरमान्यांना थेट हॉस्पिटलला ऑनलाइन पाठवायला सांगा, म्हणजे पावतीही त्यांच्याच नावानं निघते.

आमची पावती आली तेव्हा ती बैठकीत हातोहात फिरली. काकींनी पत्राची प्रत मागवली आणि 'संशोधनासाठी' हा शब्द माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.