तुम्ही विचारलंत म्हणून: कटऑफ किती ठेवायचा?

बायोइन्फर्मॅटिक्सची पोरं मला जे मेसेज करतात त्यातल्या निम्म्यांचा मजकूर एकच असतो, "मॅडम, रेसिड्यू काँटॅक्ट काढतोय, कटऑफ किती ठेवू?" कुणी पुढे जोडतं, की एका पेपरमध्ये ४.५ आहे, दुसऱ्यात ८ आहे, गाईड म्हणतात कुठलाही एक घे आणि सायटेशन टाक. मी उलट विचारते की तुला बघायचंय काय, आणि मग तिकडून बराच वेळ शांतता. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. रेसिड्यू म्हणजे प्रोटीनच्या साखळीतलं एक अमिनो ॲसिड, दोन रेसिड्यू जवळ असले की तो काँटॅक्ट, आणि किती अंतराच्या आत असलं की जवळ म्हणायचं तो आकडा म्हणजे कटऑफ (अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग).

पीडीबी फाईल (प्रोटीनच्या रचनांच्या सार्वजनिक संग्रहातली) उघडलीत तर त्यात मुख्यतः प्रत्येक अणूचे एक्स, वाय, झेड दिसतील. कोण कोणाला लागून बसलंय हे त्यात (डायसल्फाइडसारखे मोजके बाँड सोडले तर) लिहिलेलं नसतं, ते आपण ठरवतो. हिमोग्लोबिनच घ्या, चार साखळ्या (दोन आल्फा, दोन बीटा) मिळून ५७४ रेसिड्यू, म्हणजे जोड्या होतात १,६४,४५१, आणि त्यातल्या कुठल्या जोड्यांना काँटॅक्ट म्हणायचं ते तुमच्या त्या एका आकड्यावर ठरणार. अंतरं मोजायला बायोपायथन (पायथनची लायब्ररी) काही सेकंद घेतं, ते अवघड नाहीच.

आता ८ कुठून आला. सी-बीटा ते सी-बीटा ८ अँगस्ट्रॉम (सी-आल्फा हा साखळीच्या कण्यातला कार्बन, सी-बीटा हा त्याला जोडलेला साइडचेनचा, म्हणजे बाजूला निघालेल्या फांदीचा, पहिला कार्बन; ग्लायसिनला सी-बीटा नसतो म्हणून त्याचा सी-आल्फा) ही व्याख्या स्ट्रक्चर प्रेडिक्शनवाल्यांची, कास्प या प्रेडिक्शनच्या स्पर्धेत हीच वापरायचे. त्यांना एवढंच हवं असतं की साखळीचा कुठला भाग घडी पडल्यावर कुठल्या भागाजवळ आला. दोन साइडचेन एकमेकींकडे पाठ करून असल्या तरी हा काँटॅक्ट मोजला जातो. म्हणजे एका मजल्यावर राहतात एवढं कळलं, जाणंयेणं आहे का ते नाही कळलं. जाणंयेणं बघायचं तर साइडचेनचे अणू मोजायला लागतात, कुठलेही दोन हेवी अॅटम ४ ते ५ अँगस्ट्रॉमच्या आत आहेत का (म्हणजे हायड्रोजन सोडून बाकीचे अणू, हायड्रोजन एक्स-रे स्ट्रक्चरमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाहीत म्हणून हेवी). आणि त्यातही कसलं जाणंयेणं हे वेगळं, हायड्रोजन बाँड असेल तर डोनर-ॲक्सेप्टर (हायड्रोजन देणारा आणि घेणारा अणू) साधारण ३ च्या आसपास, फार तर ३.५, सॉल्ट ब्रिजला (उलट चार्जच्या साइडचेनचं आकर्षण) ४ चालतं, तेलकट साइडचेनचे कार्बन एकमेकांना ४ च्या आसपास टेकतात. सगळ्याला एकच आकडा लावला की सगळ्याचाच लगदा होतो.

अजून एक, हेलिक्समध्ये (साखळीची स्प्रिंगसारखी गुंडाळी) प्रत्येक रेसिड्यू त्याच्या पुढच्या तिसऱ्या-चौथ्याच्या जवळ असतोच, त्यात बातमी काही नाही. हिमोग्लोबिन तर बहुतांश हेलिक्सचंच, त्यामुळे काँटॅक्ट मॅपची (कुठल्या जोड्या काँटॅक्टमध्ये आहेत ते दाखवणारा चौकोनी तक्ता) कर्णरेषा जाडजूड दिसते आणि मुलं खूश होतात की किती काँटॅक्ट मिळाले. साखळीत निदान सहा जागांचं अंतर असलेल्या जोड्याच ठेवा. कास्पमध्ये लाँग रेंज म्हणायचे ते २४ किंवा त्याहून जास्त.

हे झालं पुस्तकी. खरं उदाहरण सिकल सेलचं, आणि ते मी मुद्दाम घेते कारण विदर्भातली किंवा नंदुरबारकडची मुलं असली तर त्यांना हा आजार शिकवावा लागत नाही, कुणाच्या तरी घरात असतोच, शाळेत सोल्युबिलिटी टेस्टसाठी बोटाला सुई टोचलेली असते.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, मग १९५० च्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅमने शोधलं की फरक एका अमिनो ॲसिडचा, बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामेटच्या ऐवजी व्हॅलिन. एवढं बारावीच्या पुस्तकातही आहे. आता तुम्ही काय कराल, नॉर्मल बीटा साखळी घ्याल, सिकलची घ्याल, दोन्हींचे काँटॅक्ट मॅप काढाल, एकातून दुसरा वजा कराल. आणि जवळपास काहीच मिळणार नाही! सहावी जागा पहिल्या हेलिक्सच्या सुरुवातीला, रेणूच्या बाहेरच्या अंगाला, पाण्याकडे तोंड करून आहे, तिथे काहीही बदललं तरी साखळीच्या आतल्या घडीला फारसा फरक पडत नाही. कटऑफ ४ ठेवा, ८ ठेवा, १२ ठेवा, आजार त्या मॅपमध्ये नाहीच आहे.

तो आहे शेजारच्या रेणूत. डीऑक्सी (म्हणजे ऑक्सिजन सोडलेल्या) सिकल हिमोग्लोबिनचं २.०५ अँगस्ट्रॉमचं स्ट्रक्चर १९९७ मध्ये आलं, पीडीबी कोड २एचबीएस, त्यात बघा, एका टेट्रामरचा (म्हणजे चार साखळ्यांच्या एका रेणूचा) तो सहावा व्हॅलिन दुसऱ्या टेट्रामरच्या बीटा साखळीवरच्या खोबणीत जाऊन बसलाय, खोबणीत फेनिलॲलनिन ८५ आणि ल्युसिन ८८. तेलकटाला तेलकट मिळालं. असे टेट्रामर एकाला एक लागून दुहेरी रांगा होतात, सात दुहेरी रांगांचा एक फायबर, आणि तो फायबर तांबड्या पेशीला विळ्यासारखा वाकवतो. गंमत म्हणजे प्रत्येक टेट्रामरमध्ये असे दोन व्हॅलिन असतात पण या काँटॅक्टमध्ये त्यातला एकच असतो, दुसरा मोकळाच. त्याच जागी लायसिन आलं (हिमोग्लोबिन सी) तर हा फायबर होत नाही, चार्ज असलेली साइडचेन त्या खोबणीत कशाला जाईल.

आणि ऑक्सिजन धरलेल्या अवस्थेत हे होत नाही, कारण तेव्हा चारही साखळ्यांची एकमेकींशी ठेवण बदलते आणि व्हॅलिन न् खोबणी जुळत नाहीत. सीक्वेन्स तोच, रेसिड्यू तेच, काँटॅक्ट नाही. म्हणून मी विचारते की फाईल डीऑक्सी आहे की ऑक्सी, तर मुलं म्हणतात मॅडम सर्चमध्ये पहिली आली ती घेतली.

दुसरं, क्रिस्टलच्या फाईलमध्ये सगळे शेजारी नसतात. एक छोटा तुकडा असतो, बाकीचं सिमेट्रीने, म्हणजे तोच तुकडा ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा मांडून, उभं करायचं असतं. पायमॉलमध्ये (रेणू बघायचं सॉफ्टवेअर) सिमएक्स्प कमांड आहे त्यासाठी, ती वापरून शेजारी उभे करा आणि मग मोजा, नाहीतर दोन टेट्रामरमधले बरेच काँटॅक्ट गायबच राहतील आणि तुम्हाला कळणारही नाही. उलटही होतं, क्रिस्टलमध्ये नुसती गर्दी म्हणून लागलेले रेणू काँटॅक्ट म्हणून मिरवतात, शरीरात त्यांची कधी गाठही पडत नाही. त्यामुळे एखादा काँटॅक्ट खरा म्हणायचा तर तो मोडला की काय होतं हे कुठून तरी कळायला हवं.

सिकलमध्ये ते कळतं, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. नवजात बाळाचं हिमोग्लोबिन, म्हणजे गॅमा साखळीवालं, त्या फायबरमध्ये नीट बसत नाही, म्हणून पहिले काही महिने बाळाला त्रास होत नाही. त्याच्या कारणांपैकी एक म्हणजे ८७ वी जागा, बीटात तिथे थ्रिओनिन, गॅमात ग्लुटामिन. खोबणीच्या अगदी शेजारी. मग लोकांनी बीटा साखळीतच ८७ ला ग्लुटामिन घातलं, आणि ते जीन घेऊन जाणारी थेरपी अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली. किंमत विचारू नका. पण ८५, ८७, ८८ या जागा त्या एका काँटॅक्टच्याच भोवतालच्या आहेत.

तर सिकलच्या त्या काँटॅक्टला कटऑफ किती? हेवी अॅटम, ४.५ घ्या, आणि मग ४ आणि ५ लाही चालवून बघा, यादी फार हलत असेल तर तुमचा निष्कर्ष त्या आकड्याचा आहे, प्रोटीनचा नाही. ८ सी-बीटावाला इथे उपयोगाचा नाही, तो घडी ओळखायला ठेवा.

आणि हो, नंबरिंग. हल्लीच्या जेनेटिक रिपोर्टमध्ये हाच बदल सातव्या जागी लिहितात कारण ते सुरुवातीचा मेथिओनिन धरतात, जो नंतर कापला जातो, आणि पीडीबीत तो सहावाच आहे. रिपोर्ट वाचून २एचबीएसमध्ये ७ वर गेलात तर तिथे ग्लुटामेटच दिसेल, कारण नॉर्मल साखळीत ६ आणि ७ दोन्हीकडे ग्लुटामेट असतं, आणि तुम्हाला वाटेल फाईलच चुकीची आहे. कोड चालवायच्या आधी ते रेसिड्यू प्रिंट करून बघा.