राजीनामा येत नाही, म्हणजे माणूस आपला झाला?

२०२० च्या टाळेबंदीत पुण्याच्या आयटी कंपन्यांतून सोलापूरला परतलेल्यांपैकी काही जण पुढे इथेच राहिले. मीही त्यांच्यापैकीच एक असून जुळे सोलापुरातल्या घरून एक टीम सांभाळतो. आमच्या बैठकांत घरून काम करणाऱ्यांचे राजीनामे कमी असल्याचा आकडा निष्ठेचा पुरावा म्हणून मोठ्या समाधानाने मांडला जातो. मला तो पुरावा पटत नाही.

जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: मनापासूनची ओढ, कर्तव्याची जाणीव आणि नोकरी सोडल्यास होणाऱ्या नुकसानीचा हिशेब. हिंजवडीचे भाडे वाचते, आईवडिलांचे दवाखाने सांभाळता येतात आणि सोलापुरात बसून करता येईल अशी दुसरी नोकरी सहजासहजी मिळत नाही, म्हणून इथला माणूस टिकतो तो बहुधा तिसऱ्या कारणाने. नवे सॉफ्टवेअर ग्राहकांच्या हाती जाण्याच्या, म्हणजे रिलीजच्या, आदल्या रात्री सहकाऱ्याच्या कोडमधली चूक नजरेस पडली, तर ओढ असलेला माणूस लगेच फोन करतो. हिशेबाने टिकलेला स्वतःला नेमून दिलेल्या कामाचे तिकीट बंद करून लॅपटॉप मिटतो. हजेरीपटावर दोघे सारखेच.

निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायमधल्या सीट्रिप कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये केलेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, एवढेच लोक लक्षात ठेवतात. त्याच प्रयोगात, कामगिरीच्या मानाने पाहता, घरून काम करणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्याचेही आढळले होते. नजरेआडच्या माणसाचा विसर पडतो, आणि आपला विसर पडला आहे हे त्याला आपल्याआधी कळते.

यावर अनेक व्यवस्थापकांचा उपाय म्हणजे चॅटमध्ये नावापुढचा, माणूस ऑनलाइन असल्याचे दाखवणारा हिरवा ठिपका पाहत बसणे. मे महिन्यातल्या दुपारी लाइट गेली की तो ठिपका मालवतो आणि लगेच ‘कुठे आहात?’ असा मेसेज येतो. अशा पहाऱ्याने माणूस खुर्चीत बसून राहील, यापलीकडे काही साधत नाही. याउलट, सिद्धेश्वर यात्रेच्या अक्षता सोहळ्याला आमची निम्मी टीम कामावर नसते हे ओळखून, कोणी न मागता रिलीज पुढे ढकलणारे बेंगळुरूचे एक वरिष्ठ मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी हीच मंडळी नंतर शनिवारीही आनंदाने बसली.

बढतीच्या बैठकीत नावांवर चर्चा होण्याआधी प्रत्येकाने वर्षभरात केलेल्या कामाची लेखी नोंद वाचली जावी, असा माझा आग्रह असतो. वरिष्ठांना तो वेळखाऊपणा वाटतो. परंतु ऑफिसात रोज चहाला भेटणाऱ्याचे नाव त्यांना आपोआप सुचते आणि सोलापूरच्याचे सुचत नाही, तोवर ती नोंद वाचावीच लागेल.