पोट उघडल्यावर मालकाला फोन

अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनला घोड्यांच्या दवाखान्यात फेब्रुवारी ते मे आम्हाला झोप नसते. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचा वाढदिवस कागदोपत्री १ जानेवारीच धरतात, त्यामुळे शिंगरू वर्षाच्या सुरुवातीला व्हावं ही सगळ्यांची धडपड. आणि नुकत्या व्यायलेल्या घोडीच्या मोठ्या आतड्याला पीळ पडण्याची धास्तीही याच दिवसांत.

परवा अशीच एक आली. घामाने निथळलेली, पाय झाडत लोळायला बघणारी, नाडी नव्वदच्या वर. निरोगी घोड्याची चाळिसाच्या आसपास असते. घोड्याला उलटी होत नाही. पुढे आतडं तुंबलं की पाणी मागे जठरात साठतं आणि जठर फुटू शकतं, म्हणून आधी नाकातून नळी. दोन लिटरहून जास्त पाणी उलटं आलं तर दुखणं बहुधा लहान आतड्यात. हिच्या नळीतून फारसं काही आलं नाही. गुदद्वारातून हात घातला तर फुगलेलं मोठं आतडं कमरेपर्यंत आलेलं, हात पुढे सरकेना. वेदनाशामकाने दहा मिनिटंसुद्धा आराम पडला नाही. पोटात सुई घालून काढलेलं पाणी कधी कधी पीळ पडलेला असतानाही फिकट पिवळंच दिसतं, म्हणून ते लाल होण्याची वाट बघत बसायचं नाही.

अर्ध्या तासात घोडी टेबलावर. भूल दिली, चारही पाय बांधून यारीने उचलली, उताणी ठेवली आणि बेंबीपासून छातीकडे चीर दिली. आतडं बाहेर आलं ते जांभळं-काळं. पीळ सोडवला, तरी रंग परतेना.

आणि मग सर्जनने मालकाला फोन लावला! पोट उघडं, सगळे हात वर धरून उभे, फोन स्पीकरवर. 'एवढं कापून काढावं लागेल, जगेल याची खात्री नाही, एकूण खर्च दहा हजार डॉलरच्या वर जाईल.' पलीकडून पहिला प्रश्न आला, ती पुन्हा गाभण राहील का? दुसरा, विमा कंपनीला कळवलंय का? तिसरा प्रश्न नव्हताच. टेबलावरच तिला कायमची झोपवली.

मला राग आला. अजून आहे. सही घेतानाच फॉर्मवर विचारतात: अमुक सापडलं तर पुढे जायचं की थांबायचं. हॉटेलात मेनूवर बोट ठेवावं तसं. आमच्याकडे मोतद्दार रात्रभर घोड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसतो, दत्ताला नवस बोलतो, सकाळी घोडा गेला तर दोन दिवस जेवत नाही. हे मी इथे कँटीनमध्ये तावातावाने सांगितलं. शालिहोत्राच्या, म्हणजे प्राचीन अश्ववैद्याच्या, देशातून आलेय म्हटल्यावर जरा तोराही होता. एकीने शांतपणे विचारलं, 'मग त्या रात्री घोड्याला काय मिळायचं?'

काय मिळायचं? वेदना. हे मी तिला सांगितलं नाही. आपल्याकडे काहीच होत नाही असंही नाही. महालक्ष्मीच्या, पुण्याच्या रेसकोर्सवर आणि लष्करात चांगले डॉक्टर आहेत, मी परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात त्यांच्याच हाताखाली शिकले. पण माथेरानच्या भाड्याच्या घोड्याचं काय, सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेल्या टांग्याच्या घोड्याचं काय? शस्त्रक्रियेपेक्षा घोडाच स्वस्त. तिथे मालक निर्दय नसतो, त्याला फोन करून विचारण्यासारखं काही नसतं इतकंच. इथे पर्याय असतो, म्हणून निर्णय घ्यावा लागतो, आणि मला तो निर्णयच टोचतो.

'तू तिकडे श्रीमंतांच्या घोड्यांची सेवा करतेस,' असं मावशी म्हणते. करते. पण मोठ्या आतड्याचा पीळ सोडवायला मी इथेच शिकले, आणि परत येईन तेव्हा हात रिकामे नसतील. (कधी, ते विचारू नका.)

घोड्याचं पोट दुखलं तर काय करायचं, असं माथेरानहून दोघांनी मेसेज करून विचारलंय, म्हणून सांगते. घोडा वारंवार पोटाकडे बघतोय, पाय आपटतोय, लीद टाकत नाहीये, तर चंदी आणि वैरण लगेच बंद. तोंडातून बाटलीने तेल पाजू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं. डॉक्टरला बोलवा आणि नळी घालायला सांगा. थोडं चालवा, पण दमवू नका. हिरड्या जांभळ्या दिसल्या तर सकाळची वाट बघू नका.