हैदराबादचा फलकनुमा महाल बघायचाय? मग फलकनुमा स्टेशनला उतरू नका

"लोकलनं फलकनुमाला उतरा, समोरच महाल," मेहुण्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. नांदेडहून रात्रीच्या गाडीनं काचीगुड्याला उतरलो आणि तसंच केलं. महाल टेकडीवर, स्टेशन खाली. मधे दीड-दोन किलोमीटर रस्ता, शेवटी चढ, वर मे महिन्याचं ऊन. इंजिन बावलीपाशी बायकोनं दुकानाच्या पायरीवर बसकणच मारली. उरलेल्या हाकेच्या अंतराला रिक्षावाल्यानं तीनशे घेतले. तीनशे! तेव्हा आधी चारमिनार बघा आणि तिथूनच भाडं ठरवून रिक्षा करा. पाचेक किलोमीटर आहे.

फाटकावर कळलं की बुकिंग नसेल तर आत सोडत नाहीत. चूक आमचीच. सालारजंगसारखं तिकीट काढून शिरायचं म्युझियम नाही हे, २०१० पासून ताजचं चालू हॉटेल आहे. दुसऱ्या दिवशीच्या चहाचं बुकिंग केलं. दोघांच्या चहात आमच्या घरचा महिन्याचा किराणा येतो. तरी जा.

फाटकातून वर बग्गीनं नेतात. बायकोचा कालचा राग तिथंच उतरला.

निजामाच्या दरबारातल्या पायगा या सरदार घराण्यातले नवाब विकार-उल-उमरांनी १८८४ मध्ये याचा पाया घातला. पुढं ते रियासतीचे दिवाण झाले, पण महालाच्या खर्चानं कर्जात बुडाले. १८९७ मध्ये सहावे निजाम महबूब अली खान यांनी तो घेतला आणि शाही पाहुण्यांना उतरवायला वापरला. निजामी गेल्यावर बरीच वर्षं कुलूपबंद होता. निजाम घराण्याच्या सून प्रिन्सेस इसरा यांच्या देखरेखीखाली दहाएक वर्षं डागडुजी चालली, तेव्हा कुठं हॉटेल उघडलं.

जेवणाचं टेबल १०८ फूट लांब, खुर्च्या १०१. मी मोजायला लागलो, साठपर्यंत आलो तेवढ्यात गाईडनं पुढं हाकललं. "आपल्या गल्लीतलं अख्खं लग्न एका पंगतीत उठलं असतं," बायको म्हणाली. माझे आजोबा हाळी शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात, शेतसारा भरायचे. टेबलाचा एखादा पाय तरी आमचा असणारच.

संध्याकाळचीच वेळ घ्या, गच्चीवरून शहराचे दिवे लागताना दिसतात. सालारजंग म्युझियम, चौमहल्ला महाल हेही पाहिलं, छान आहे.

परतीची रिक्षा मात्र आधीच सांगून ठेवा. आम्ही ठेवली नव्हती. खाली रस्त्यावर आलो तर कालचाच रिक्षावाला उभा. पुन्हा तीनशे.