राखाडी पट्टा

"अक्का, ते डायव्हर्सिटीचं काय लिहू गं?"

मागच्या रविवारी संध्याकाळी भांडी घासत होते तेव्हा हा फोन आला. तिकडे सोलापुरात सोमवारची सकाळ, त्यात पाणी सुटायचा दिवस. मागं मोटारीची घरघर, बादल्यांचा खणखणाट आणि "पाईप धर की गं" अशी कुणाची तरी ओरड. बोलत होती आमच्या अशोक चौकाकडच्या गल्लीतली, माझ्या मैत्रिणीची धाकटी बहीण. मी शिकते तिथं, कॅलिफोर्नियात, पीएचडीसाठी अर्ज करतेय, आणि विचारत होती ते अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या निवेदनाचं. डिसेंबर म्हणजे इथल्या अर्जांची सुगी.

मी ओले हात पुसत म्हटलं, "आपण त्यात येत नाही."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "असं कसं अक्का? आपण एसबीसी आहोत की."

एसबीसी म्हणजे आपल्याकडचा विशेष मागास प्रवर्ग. मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकलं नाही. चार वर्षांपूर्वी मला सगळ्यात जास्त झोंबली होती ती हीच गोष्ट, आणि ती मी अजून कुणाला धड सांगितलेली नाही.

पहिल्या वर्षी आमच्या विभागाच्या एका बैठकीला मी विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बसले होते. (प्रतिनिधी कसली, दुसरं कुणी तयार नव्हतं आणि जेवण फुकट होतं.) पीएचडीला नवीन कोण कोण आलं याची स्लाईड पडद्यावर होती. उभा खांब, त्यात रंगीत पट्टे: कृष्णवर्णीय, लॅटिनो, गोरे, एशियन, मूळनिवासी. आणि सगळ्यांत वर एक जाडजूड राखाडी पट्टा, 'इंटरनॅशनल'. मी आपली एशियनच्या पट्ट्यात स्वतःला शोधत होते. शेजारचा मुलगा कुजबुजला, "आपण वरती. राखाडीत."

चीनचे, इराणचे, ब्राझीलचे, नायजेरियाचे आणि सोलापूरची मी, सगळे एका डब्यात. नायजेरियाहून आलेला माझा लॅबमधला सोबती त्या खांबात कृष्णवर्णीय नाही. मेक्सिकोतल्या ओहाकाची मुलगी लॅटिना नाही; तिच्याच गावातून दोन पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या घरातली, रिव्हरसाईडला जन्मलेली मुलगी मात्र आहे. स्लाईड दाखवणाऱ्या बाई अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "पुढचे सगळे आकडे डोमेस्टिक विद्यार्थ्यांचे आहेत." डोमेस्टिक म्हटलं की आपल्याला सिलिंडर आठवतो. त्यानंतरच्या अकरा स्लाईडमध्ये राखाडी कुठंही नव्हता. मी मोजल्या.

यात त्या बाईंची चूक नव्हती, विभागाचीही नव्हती. इथल्या केंद्र सरकारला आकडे कळवायची पद्धतच तशी आहे. व्हिसावर आलेला विद्यार्थी वेगळ्या रकान्यात जातो, आणि त्या रकान्यात वंश विचारत नाहीत. तुम्ही कोण, कुठले, तुमच्या घरात पहिलं दहावी कोण झालं, याला तिथं जागा नाही. व्हिसा हीच तुमची जात.

आता माझी गंमत बघा. सोलापुरात अख्खी शाळा आणि पुढं पुण्यात अख्खं कॉलेज मी रकान्यातून बाहेर पडायला धडपडले. प्रवेश फेरीच्या यादीत नावापुढं 'एसबीसी' छापून यायचं तेव्हा मी कागद घडी घालून दाखवायचे. आणि इथं मला रकानाच नाही म्हणून मी रात्रभर तळमळले.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी 'विशेष मागास प्रवर्ग' फक्त फॉर्मवर पाहिला असेल. दोन टक्के आरक्षण. आम्ही पद्मशाली त्यात. घरी तेलुगू, शाळेत मराठी, दुकानात कन्नड, शेजारी उर्दू; सोलापूरच्या पूर्व भागातल्या पोरांना हे काही विशेष वाटत नाही. आजोबा करीमनगरकडून गिरणीत कामाला आले. गिरण्या बसल्या, मग यंत्रमाग, टॉवेल, चादरी. प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेचं तोंड न पाहिलेले. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, यंत्रमागावरची पाळी बुडवून दोन उन्हाळे एका चुलत आजोबांच्या शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा शोधला. तो सापडला तेव्हा घरात पेढे आले. माझ्या बारावीच्या निकालाला आले नव्हते. आणि करीमनगरला राहिलेले आमचेच भाऊबंद तिकडच्या, तेलंगणाच्या, मागासवर्गीयांच्या यादीत बीसी-बी. सीमा ओलांडली की आपलाही रकाना बदलतोच की. मग अमेरिकेनं माझा रकाना मानावा, असं मला का वाटलं? याला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त राग आहे.

बरं, ज्यांना तिथं रकाना आहे त्यांना तरी त्याचा काय उपयोग, हे मला नंतर कळलं. नोव्हेंबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २०९ मंजूर केला. सरकारी शिक्षणात, नोकरीत, कंत्राटात वंश, लिंग, रंग, मूळ देश पाहून कुणालाही झुकतं माप द्यायचं नाही. २०२० मध्ये तो रद्द करायचा प्रस्ताव १६ आला, तेव्हा जवळपास ५७ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं. हे ते राज्य, ज्याला आपण सगळे फार पुढारलेलं समजतो. त्यामुळे २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश पाहायला बंदी केली, तेव्हा देशभर आरडाओरडा झाला, पण इथल्या सरकारी विद्यापीठांत फारसं काही बदललं नाही. त्यांचं आधीच बंद होतं.

म्हणजे इथं मोजतात सगळं. आमच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे दहा कॅम्पस, तीन लाखांच्या आसपास विद्यार्थी, त्यातला साधारण पाचातला एक पदव्युत्तर. त्यांचा वंश, आईबापाचं शिक्षण, कुठल्या शाळेतून आले, सगळं जाहीर असतं, कुणीही बघावं. पण प्रवेश देताना वंशाच्या आकड्याकडे बघायचं नाही. आपल्याकडे उलटं. अनुसूचित जाती-जमाती सोडल्या तर १९३१ नंतर आजवर पूर्ण झालेल्या कुठल्याच जनगणनेतून बाकीच्या जातींचे आकडे बाहेर आले नाहीत, आणि आरक्षण मात्र त्यावरच. ते न देता मोजतात, आपण न मोजता देतो. मला विचाराल तर आपलं बरं. निदान बापूंना दोन उन्हाळ्यांनंतर काहीतरी हातात मिळालं.

(आणि कुणी कॉमेंटमध्ये 'मेरिट' लिहायच्या आधी: माझी इंजिनिअरिंगची फी सरकारनं भरली. हो. त्यानंतरच्या परीक्षा मी दिल्या, सरकारनं नाही.)

पदव्युत्तर प्रवेशाची इथली रीत तर आपल्या माणसाला चक्रावून टाकणारी. कॅपच्या फेऱ्या नाहीत, यादी नाही, कटऑफ नाही. विभागातले चार-पाच प्राध्यापक एका खोलीत बसतात, अर्ज वाचतात आणि ठरवतात. पदवीच्या विद्यार्थ्यांचं बरंच मध्यवर्ती आहे, पण पीएचडीला खरा शब्द विभागाचा. लॅटिनो विद्यार्थ्यांना सेवा देणारी संस्था असा दर्जा केंद्राकडून इथं मिळतो, तोही पदवीचे विद्यार्थी मोजून: त्यांच्यात पंचवीस टक्के लॅटिनो असावे लागतात. वर पीएचडीला किती पोचले, हे त्यात धरत नाहीत. एका कॅम्पसवर पाटी अभिमानानं लावलेली असते आणि लॅबमध्ये डोकावलं तर वेगळंच चित्र दिसतं. हे आपल्याला नवीन नाही. सोलापुरात बारावीच्या वर्गात शिरा आणि मग पीएचडीच्या गाईडच्या दारात उभ्या राहा.

तर ती पोर जे विचारत होती त्याचं इथलं नाव पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट. 'डायव्हर्सिटी स्टेटमेंट' म्हणून जे गाजलं ते प्राध्यापक भरतीतलं. विद्यापीठानं २०२५ च्या मार्चमध्ये त्याची वेगळी सक्ती बंद केली. आपल्याला लिहायचं असतं ते असं की तुम्ही कुठून आलात, वाटेत काय अडलं, आणि त्यामुळे शिक्षणाकडे कसं बघता.

मी त्यात अव्वाच्या विड्या लिहिल्या.

अव्वा म्हणजे माझी आजी. चाळीसेक वर्षं विड्या वळल्या. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी फर्मा ठेवून कात्रीनं कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि बोटं चालू. मजुरी हजारावर. कारखान्यात विड्या द्यायला गेली की तिथला माणूस हाताने चाचपून छाट काढायचा: ही सैल, ही आखूड, ही फाटकी. छाट काढलेल्या विडीचे पैसे नाहीत, आणि ती परतही मिळायची नाही. अव्वा घरी येऊन पहिली छाटीचा आकडा सांगायची, मग पैशांचा. आता ती कुंभारीला राहते, विडी कामगार बायकांसाठी बांधलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या स्वतःच्या घरात. दहा हजार घरांची वसाहत आहे ती, बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेली.

पुण्यातल्या हॉस्टेलवर चार वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं की माझी आजी विड्या वळते. 'टेक्स्टाईलचा बिझनेस' असं सांगायचे. आणि अमेरिकेत अनोळखी चार-पाच प्राध्यापकांना एका पानात सगळं सांगून टाकलं, तंबाखूच्या वासासकट. जातीचं मात्र एक अक्षर लिहिलं नाही. 'विणकर समाज' असं लिहून मोकळी झाले. वाटलं, त्यांना कळणार नाही. खरं कारण ते नव्हतं. खोटं काहीच लिहिलं नाही, एवढं मी स्वतःला अधूनमधून सांगत असते.

गेल्या वर्षी इथल्या एका मराठी घरी संक्रांतीला गेले होते. तिळगूळ झाला, तोंडं गोड झाली. एक काका म्हणाले, "इथं बघ, काही भानगड नाही. आपण सगळे मेरिटवर आलो." मी पुरणपोळी चावत राहिले. इथल्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठानं, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं, जानेवारी २०२२ मध्ये आपल्या तेवीस कॅम्पसांच्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला, हे काकांना माहीत असेलच. राज्याचा कायदा मात्र झाला नाही, विधिमंडळानं मंजूर केलेल्या विधेयकावर राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नकाराधिकार वापरला. त्यांचं म्हणणं, आहेत ते कायदे पुरेसे आहेत. काकांचंही साधारण तेच म्हणणं. मी बोलायला हवं होतं. पण गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत घरापासून इतकं लांब असताना कुणी पुरणपोळी वाढली की माणूस भांडत नाही. सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक मी तेव्हा फोनवर बघून आले होते, डोळे आधीच भरलेले होते.

राखाडी पट्ट्याची खरी किंमत डॉलरमध्ये आहे. राज्याबाहेरच्या पीएचडी विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला १५,१०२ डॉलरचा अधिभार. टेक्सासहून आलेली माझी मैत्रीण एक वर्ष इथं राहिली, लायसन काढलं, मतदार झाली आणि राज्याची रहिवासी ठरली. तिचा अधिभार सुटला. मी शंभर वर्षं राहिले तरी विद्यार्थी व्हिसावर रहिवासी होणार नाही. पात्रता परीक्षा पार पडली की तीन वर्षं माफी मिळते, तोवर हे पैसे कुणीतरी भरायचे: विभागानं, नाहीतर प्राध्यापकाच्या अनुदानातून. म्हणजे त्या खोलीत अर्ज वाचताना माझा वंश दिसत नसेल, पण माझी किंमत दिसते. अर्जाची फीदेखील आपल्याला जास्त, आणि फी माफी मुख्यतः इथल्या नागरिकांना नि कायम रहिवाशांना.

तरी एक सांगते. माझे मार्गदर्शक प्राध्यापक पहिल्या भेटीत म्हणाले होते, "तुझ्या आजीच्या हातांबद्दल वाचलं. सुपाबद्दल नीट कळलं नाही, ते काय असतं?" मी कागदावर सूप काढून दाखवलं. पाण्याच्या संशोधनात कुणाला सुपाशी काय देणंघेणं? पण त्यांनी विचारलं. सोलापुरात जातीचा दाखला तपासणाऱ्या एकाही टेबलानं बापूंना कामाबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

दोन दिवसांनी त्या पोरीला मीच फोन केला. म्हटलं, आपण येत नाही असं म्हणाले ते चार्टबद्दल होतं, लिहिण्याबद्दल नव्हतं. कच्चं पाठव, बघते. तिनं पाठवलं. पहिल्याच ओळीत 'पद्मशाली' शब्द, आणि पुढं त्याचा अर्थ, सरळ. मी ती ओळ दोनदा खोडायला घेतली आणि तशीच ठेवली. मग तिनं विचारलं, "अक्का, तू अव्वाचं लिहिलं होतंस ना? अव्वाला माहितेय?"

माहीत नव्हतं. चार वर्षं झाली, सांगायचं सुचलंच नाही.

काल कुंभारीला फोन लावला. तेलुगूत सगळं सांगितलं: तुझ्या विड्यांचं लिहून पाठवलं, ते वाचून त्यांनी मला घेतलं, इथं पगार पण देतात. अव्वानं शांतपणे ऐकून घेतलं.

"किती ठिकाणी पाठवलं होतंस?"

"सात."

"आणि छाट किती निघाली?"

"पाच."

"लई काढली की," अव्वा म्हणाली.